आठ सूर्याचा दगड

सहा हरीण

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षरं बघून माझी मलाच लाज वाटते. पण लिहितो आहे.

सात तारा

काल, सहा हरीण या दिवशी, तेवढ्यानेच मनगट भरून आलं. आज थोडं जास्त.

मी साक-मुत, याशनाबच्या राजाचा लेखनिक. गावावर चालून आलेल्या कानवित्सवाल्यांनी माझ्या उजव्या हाताची चार बोटं मोडली. पायरीवर हात धरून, दगडाने, एकेक करून. त्यांचा सरदार म्हणाला, "या गावात यापुढे जो लिहील त्याची हीच गत." मग राजाला दोरीने बांधून नेलं. माझ्या हाताखालचे दोन लेखनिक नेले, दगड कोरणारे सगळे नेले. मला सोडलं. मोडक्या हाताचा माणूस त्यांच्या काय उपयोगाचा?

एका परीने बरंच झालं. माझं जे मोडायचं ते मोडून झालं आहे, आता मला भिण्यासारखं काही उरलेलं नाही.

एवढं बायकोला, निकतेला, वाचून दाखवलं. तिने आपले कुंचले पाण्यातून काढले, पुसले आणि टोपलीत अगदी तळाला ठेवले.

नऊ कुत्रा

याशुनकाकांनी अंगणात सगळ्यांना बोलावलं होतं. ते राजाचे चुलते. आता गावात वडीलधारं म्हणावं असे तेवढेच.

आजपासून नव्वद दिवसांनी, आठ सूर्याला, पाच वर्षांचं पर्व संपतं. त्या दिवशी गावाचा दगड उभा राहायला हवा, त्यावर दिवसांची मोजणी हवी आणि मधल्या पाच वर्षांत काय झालं ते हवं. नाही राहिला तर कानवित्सवाले स्वतःचा आणून रोवतील. ज्याचा दगड त्याची जमीन, हे तेही मानतात. देवांसमोरची गोष्ट आहे. म्हणूनच त्यांनी आमच्या जुन्या दगडांना हात लावला नाही. बोटांना लावला. नदीकाठच्या कोकोच्या बागांवर त्यांचा कधीपासून डोळा आहे.

काका म्हणाले, दगड आहे, चुना आहे, कोरणारा नाही. मी म्हणालो, गिलावा करू आणि रंगाने लिहू, मी लिहितो. सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो पाठीमागे घेतला नाही.

पाच ढग

राजवाड्याकडचं आमचं घर जळालं, तेव्हापासून आम्ही कुंभारांच्या आळीत निकतेच्या माहेरी राहतो. शेजारच्या कुकुममावशी मला "जावईबापू" म्हणतात आणि म्हणताना भांड्यात काहीतरी शोधत असल्यासारखं मान खाली घालून हसतात. पन्नास वर्षं पेले घडवून त्यांची कंबर वाकली आहे, जीभ मात्र सरळ आहे.

मी सकाळपासून दुपारपर्यंत गिरवतो. निकते समोर बसून पेले रंगवते. या आळीचे कोकोचे पेले लांबलांबच्या राजांकडे जातात. काठाखाली अक्षरांची रांग असते, पण ती अक्षरं नव्हेत. डोकं, डोळा, दोन ठिपके, एक शेपूट, नुसतं अक्षरासारखं दिसणारं काहीतरी. वाचायला गेलं तर हाती शून्य. दरबारात असताना आम्ही लेखनिक त्यावर फार हसायचो.

आज निकतेने एक पेला पुढे धरला आणि विचारलं, "यात काय लिहिलंय?"

मी म्हणालो, काहीच नाही.

"मग काय असायला हवं होतं?"

मी कागदावर काढून दाखवलं, 'पेला' असं. माझी रेघ दारू प्यायल्यासारखी गेली. तिने एकदा पाहिलं आणि पुढच्या पेल्यावर तेच काढलं. मग त्याच्या पुढच्यावर. संध्याकाळपर्यंत चौदा पेल्यांवर काढलं. काजळी उगाच वाया गेली. तिला म्हटलं, एकच शब्द सगळीकडे शोभत नाही. ती म्हणाली, "मग दुसरा सांगा."

दोन पाणी

हात सुधारतो आहे असं रोज स्वतःला सांगतो. आज दहा दिवसांपूर्वीचा कागद काढून आजच्या शेजारी ठेवला. सुधारला आहे, पण दगडाला लागतो तेवढा नाही. एकाहत्तर दिवस उरले.

काल मजकुरावरून याशुनकाकांशी वाद झाला. त्यांना लिहायचं आहे की आमचा राजा सिंहासनावर आहे आणि शत्रू पळाला. लेखनिक म्हणून अशी वाक्यं मी पुष्कळ लिहिली आहेत, मला त्यात काही वाटलं नाही. निकते पेज घेऊन आली होती, तिने ऐकलं. काका गेल्यावर म्हणाली, "कानवित्सचा माणूस पहिलीच ओळ वाचेल आणि दगड आडवा करेल. खोटं आहे म्हणेल, आणि ते खोटंच असेल."

दगडावरच्या मजकुरात बायकांनी कधी तोंड घातलेलं मी पाहिलेलं नाही. तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली, "मी कुठे घातलं? मी पेज घेऊन आले."

रात्रभर तिचंच म्हणणं डोक्यात होतं. सकाळी काकांकडे गेलो. झालं ते लिहायचं असं शेवटी ठरलं. राजाला धरून नेलं, तो दिवस. गाव जाग्यावर आहे, हा दिवस. दगड लोकांनी उभा केला. एवढंच. काका रडले, पण हो म्हणाले.

नऊ गिधाड

आज खरी परीक्षा घेतली. घरामागच्या भिंतीला चुना लावून त्यावर उभी ओळ लिहिली, दगडावर येईल तेवढ्या आकाराची. कागदावर मनगट टेकता येतं, भिंतीवर हात अधांतरी राहतो. अकरा अक्षरं. पाचव्यापासून रेघा वाकायला लागल्या. शेवटचं अक्षर वरच्यापेक्षा दुप्पट मोठं झालं आणि एका बाजूला कललं.

निकते दारात उभी राहून पाहत होती. मी तिला आत जायला सांगितलं.

दहा धरणी

सकाळी मागे गेलो तर भिंतीवरची ओळ सरळ झाली होती. तीच अकरा अक्षरं, माझ्याच खुणांवरून, पण काठ कसे धारदार, डोळे कसे भरीव. दरबारात माझ्या उजव्या हाताने लिहिलेली असती तर मी खूश झालो असतो.

"माझी ओळ कोणी पुसली?" मी ओरडलो.

"पुसली नाही," निकते पाट्यावरून म्हणाली, "सरळ केली." आणि मका वाटत राहिली.

आज जेवलो नाही. याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

अकरा माकड

चौदा दिवस काही लिहिलं नाही. पहिले तीन दिवस रागात गेले. चौथ्या दिवशी राग संपला आणि नुसता वेळ जात राहिला, एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. मग मी स्वतःहून तिच्यासमोर कागद ठेवला.

तेव्हापासून मी सांगतो, ती काढते. हे डोकं 'का' असं वाचायचं. हा मासाही 'का'च. दोन्ही का लागतात, असं तिने विचारलं. शोभेला, म्हणालो. ती हसली. ती एकदा पाहते आणि तिच्या हातात बसतं. वाचायला मात्र हळूहळू शिकते आहे, बोट ठेवून, ओठ हलवत.

मी तेरा वर्षं शिकलो तेव्हा मला कुंचला मिळाला होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे म्हणून लिहितो: तिचा हात माझ्याहून चांगला आहे. बहुधा पहिल्यापासून असावा.

दगड ती लिहील. मी खाली उभा राहून सांगेन. डावा हात तरी मी चालू ठेवणार आहे, या वहीपुरता.

एक हरीण

दगड चौकात आणला. तीस माणसांनी ओढून उभा केला. पुढची बाजू गिलावा करून घोटून घेतली, बोट टेकवलं तर घसरेल इतकी.

आज सकाळी निकते चौकात आली ती एकटी नाही. मागे कुकुममावशी आणि आळीतल्या आणखी पाच जणी, प्रत्येकीच्या हातात आपापला कुंचला. सात उभ्या ओळी आहेत, सात जणी लिहिणार म्हणे. मी हबकलो. तिला बाजूला घेऊन सांगितलं की दगड एका हाताचा असतो. सात जणींनी लिहिलं तर जाणकाराला लांबूनच कळेल, हसं होईल.

"कळू दे," ती म्हणाली.

"अगं, पण तुझा एकटीचा हात इतका चांगला असताना..."

"माझी पाठ दुखते," ती म्हणाली.

तिची पाठ कधी दुखल्याचं मला आठवत नाही. बायकांना एकत्र काम करायची सवय असते, भट्टीही त्या एकत्रच लावतात, म्हणून असेल. शिवाय त्या सहा जणींना घरी बसून कधीचं शिकवलेलं दिसतंय. मला वाटत होतं त्या गप्पा मारायला येतात.

एक सूर्य

वीस दिवस उरले. माझा घसा बसला आहे.

कुकुममावशींनी तिसऱ्या ओळीत एका अक्षराला शेपूट काढली. मी म्हणालो, याला शेपूट नसते. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी काढत आलेय, कोणी तक्रार केली नाही." मी म्हणालो, पन्नास वर्षं तुम्ही अर्थ नसलेलं काढत होतात. मग मावशी म्हणाल्या, "आणि जावईबापू पन्नास वर्षं अर्थ असलेलं खोटं लिहीत होते." सगळ्या इतक्या हसल्या की एकीच्या हातातून रंगाचा शिंपला पडला.

मी पस्तीस वर्षांचा आहे, हे त्यांना सांगितलं नाही. शेपूट खरवडून काढली.

सात ओळी सात तऱ्हेच्या होताहेत. एकीचे डोळे गोल, एकीचे लांबट. कोणाचा रंग दाट, कोणाचा पातळ. मला ते रोज खुपतं. पण वाचता येतं. एकही अक्षर चुकीचं नाही, मी तीनदा तपासतो.

बारा माकड

आज दुपारी दगडासमोर उभा होतो आणि एकाएकी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सरदार म्हणाला होता, जो लिहील त्याची हीच गत. इतके दिवस मी ते माझ्याबद्दलच धरून चाललो होतो. माझं मोडून झालं म्हणून निश्चिंत होतो. आणि जिला मी रोज हात धरून पुढे केलं ती लिहिते आहे. कसा माणूस आहे मी?

पळत घरी गेलो. निकते पेले घासत होती. तिला म्हटलं, आता थांबायचं. ती म्हणाली, नऊ दिवस राहिलेत आणि दोन ओळी, थांबायचं कसलं. मी म्हटलं, मग कानवित्सवाले विचारतील तेव्हा मी लिहिलं म्हणून सांगेन. डाव्या हाताने लिहिलं म्हणेन. तू पुढे यायचं नाही, बोलायचं नाही.

तिने हातातला पेला पुसून ठेवला. वाद घालेल असं वाटलं होतं. पण म्हणाली, "बरं. तुम्ही तसंच सांगा."

तिने ऐकलं, हे बरं झालं. आता माझं मन ठरलं आहे. डाव्या हाताचंही काय व्हायचं ते होऊ दे.

सहा गारगोटी

लिहून पूर्ण झालं. याशुनकाकांना सगळं वाचून दाखवलं. राजाला नेल्याच्या ओळीपाशी त्यांनी दगडाला हात लावला.

दोन गोष्टींवरून निकतेशी कुरबूर झाली. कानवित्सच्या राजाला या पर्वाला आमच्या आळीने पेले द्यायचे आहेत, तसा त्यांचा हुकूमच आहे. मी म्हणत होतो की ते नंतर पाठवावेत, आपल्या दगडाच्या दिवशी खंडणी कशाला मिरवायची? तिचा हट्ट, त्याच दिवशी, चौकात, दगडाच्या बाजूलाच मांडायचे, आणि ज्यांनी घडवले त्यांनीच हातात घेऊन उभं राहायचं. दुसरं म्हणजे तिने सहाही जणींना बजावलं आहे की हात घासायचे नाहीत. सगळ्यांच्या नखांत गेरू आणि काजळी भरली आहे. पर्वाच्या दिवशी पाहुण्यांसमोर असे हात? त्या ऐकतात तिचं. माझं कोणी ऐकत नाही.

आठ सूर्य

दगड उभा आहे. निकतेची दहाही बोटं शाबूत आहेत. बाकीचं उद्या.

नऊ मगर

काल सकाळी कानवित्सहून वीस जण आले. पुढे तोच सरदार. त्यांनी स्वतःचा दगडही आणला होता, आमच्याहून लहान, लाकडी ओंडक्यांवरून ओढत. सरदारासोबत त्यांचा लेखनिक होता, त्सुनुन नावाचा. माझ्याच वयाचा, कानामागे कुंचला खोवलेला.

आमचा दगड उभा पाहून सरदाराचा चेहरा पडला. त्याने विचारलं, कोणी लिहिलं? मी पुढे झालो. मी लिहिलं, म्हणालो. त्याने माझा उजवा हात उचलून पाहिला, आपलं काम ओळखलं आणि हसला. मी म्हणालो, डाव्याने लिहिलं.

"वाच," तो त्सुनुनला म्हणाला. "एक जरी खोटी ओळ असेल तर पाडून टाकू."

त्सुनुनने मोठ्याने वाचलं. दिवसांची मोजणी अचूक होती. राजाला नेल्याचा दिवस होता, नेणाऱ्यांचं नावही होतं. गाव जाग्यावर आहे, असं होतं. त्यात सरदाराला नाकारण्यासारखं काहीच नव्हतं. उलट त्याचा स्वतःचा विजय आमच्या चौकात लिहिलेला होता, आणि तो खोटा म्हणणार कसा?

मग त्सुनुन दगडाच्या अगदी जवळ गेला. पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, दुसरीवर गेला, थांबला, परत पहिलीवर आला. मला कळलं तो काय बघतो आहे. सातही ओळी बघून तो वळला आणि बाजूला पेले घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे गेला. एकेकीच्या हातातला पेला घेऊन तो काठाखालची रेघ बघायचा, मग धरणारीची नखं बघायचा. निकते, कुकुममावशी, सगळ्या जणी. कोणी हात मागे घेतला नाही. मी सांगितलं होतं की पुढे यायचं नाही, आणि त्या आल्याही नव्हत्या. होत्या तिथेच उभ्या होत्या.

सरदाराने विचारलं, "काय झालं?"

त्सुनुनने कुकुममावशींचा पेला त्यांना परत दिला. म्हणाला, "काही नाही. दगड बरोबर आहे. पेले उचलायला सांगा."

सरदाराने थोडी कुरकुर केली, या मोडक्याचं आणखी काय मोडायचं म्हणाला, मग आपला दगड परत फिरवायला सांगितला. माणसं दोऱ्या बांधत असताना त्सुनुन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता बोलला.

"एक हात असता तर मी सांगितलं असतं. मला सांगावंच लागलं असतं, नाहीतर माझी बोटं गेली असती. सात आहेत. या सातांची बोटं मोडली तर आमच्या राजाने पुढच्या सणाला कोको कशातून प्यायचा? ते सरदाराला सुचलं नसतं. त्याने आधी मोडली असती आणि राजाने मग आम्हा दोघांना विचारलं असतं. त्यापेक्षा मला काही दिसलं नाही." मग म्हणाला, "ही कल्पना तुमची?"

माझी नजर निकतेकडे गेली. तो म्हणाला, "नसावी." आणि गेला.

ते टेकडीआड होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. घरी आलो तर निकते हात घासत बसली होती, राख घेऊन, कोपरापर्यंत. मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, पहिल्या दिवसापासून तुझ्या मनात हे होतं.

"पहिल्या दिवशी मी घाबरले होते," ती म्हणाली. "कुंचले लपवून ठेवले होते. नंतर सुचलं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने पाणी ओतलं. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, सहा जणींना कशाला अडकवतेस, मीच लिहितो. आणि तुम्ही लिहिलं असतंत. आणि ते वाईट झालं असतं." मग म्हणाली, "सहा जणींना मी आधी विचारलं होतं. एकही नाही म्हणाली नाही. कुकुममावशी म्हणाल्या, बोटं तशीही दुखतातच."

मी तिचे हात माझ्या हातात घेतले, एक चांगला आणि एक मोडका. चुलीवरचे घेवडे करपले.

तीन तारा

पुढचा दगड पाच वर्षांनी. मला वाटलं होतं आता आळी आपल्या कामाला लागेल आणि मला रिकामं बसावं लागेल. पण आज कुकुममावशी आल्या, भट्टीत न गेलेला एक ओला पेला घेऊन. इकडचं तिकडचं बोलल्या. मक्याबद्दल बोलल्या, माझ्या सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. मी म्हटलं, मावशी, काम काय आहे?

"माझं नाव कसं लिहितात?"

इतक्या वर्षांत त्यांना कोणी ते दाखवलं नव्हतं. मलाही दाखवावंसं वाटलं नव्हतं. मी जमिनीवर काडीने काढलं. "कु, कु, मु. शेवटचा उ लिहायचा, पण म्हणायचा नाही. कुकुम."

त्यांनी वाकून पाहिलं. मग पेल्याच्या काठाखाली स्वतःच्या हाताने काढलं, सावकाश, जीभ दातांत धरून. तीन अक्षरं, शेपूट न लावता. पेला लांब धरून बघत राहिल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"यातली दोन तर सारखीच आहेत." त्या थोड्या हिरमुसल्या. "मला वाटलं होतं जरा मोठं असेल."

मी म्हणालो, "मावशी, राजाचंही एवढंच असतं."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मी थट्टा करतो आहे की काय ते बघायला. मग पेला उन्हात ठेवला, नाव असलेली बाजू रस्त्याकडे करून, आणि वाळेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिल्या.